लॅमिनायटिस झालेली घोडी आणि जवळ जाणता नालबंद नाही : काय करता येतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तासगावजवळ वरातीची एक घोडी आहे, ९ वर्षांची. आषाढात लग्नं थांबली तेव्हापासून दावणीला उभी. खायला बांधावरचं हिरवं गवत, मक्याची वैरण, वर दोन्ही वेळा हरभऱ्याचा भरडा. दहा दिवसांपूर्वी ती पुढचे पाय टाकायला कुचरू लागली. डॉक्टरांनी लॅमिनायटिस सांगितलं, इंजेक्शनं दिली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गावातला नालबंद बैलांना पत्र्या मारणारा. पुण्याहून ‘हार्ट बार’ नाल (तळव्याला आधार द्यायला मधे लोखंडी पट्टी असलेली) मागवून त्याच्याकडून ठोकून घ्यावी का, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्या घेतल्या आहेत त्या पार पडतील का, असं मालक विचारतात.

नाल आत्ता मागवू नका. ती का नको ते खाली येईलच, पण त्याआधी खुरात काय बिघडलंय ते पाहू. खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला बारीक पापुद्र्यांनी चिकटून टांगलेलं असतं. घोडीचं सगळं वजन या चिकटण्यावर पेललं जातं. लॅमिनायटिसमध्ये हीच पकड सुजते आणि सुटू लागते. आपलं नख बोटापासून अर्धवट सुटलंय आणि त्याच बोटावर उभं राहायचंय, तशी तिची अवस्था असते. पकड सुटली की मागून येणारी जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) हाडाला मागे ओढते, वरून वजन दाबतं आणि हाडाचं टोक तळव्याच्या दिशेनं खाली झुकतं. नाल ही बाहेरून लावायची वस्तू. आतली पकड ती सांधत नाही. पकड सांधायची तर सुटण्याचं कारण बंद करावं लागतं, हाडाला खालून आधार द्यावा लागतो आणि वरून नवीन खूर उतरायला वेळ द्यावा लागतो. यातली पहिली दोन कामं नालबंदाशिवाय होतात आणि ती आजच सुरू करायची आहेत.

हाड किती हललंय, घोडी किती जाड आहे, तळवा किती पातळ झालाय यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ते न बघता कुणी ‘महिन्यात बरी होईल’ म्हणत असेल तर तो अंदाज समजा.

दहा दिवसांत उतार नसेल तर हा लॅमिनायटिसच आहे ना, ते एकदा स्वतःही पडताळून पाहा. घोट्याच्या मागच्या बाजूला, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकी ठेवली की शिरेची नाडी लागते. निरोगी घोड्याची ही नाडी शोधावी लागते, लॅमिनायटिसमध्ये ती बोटावर आदळते. खूर तासन्‌तास गरम राहतं. घोडी मागचे पाय पोटाखाली घेऊन वजन मागे टाकते, सरळ कशीबशी चालते पण वळताना अडखळते. एकाच पायात जोराची नाडी असेल तर आधी खुरातला पू किंवा खिळ्याची इजा बघायची. लघवी कॉफीसारखी काळपट आणि मागचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट असतील तर तो स्नायूंचा वेगळा आजार. डॉक्टरांना हे सगळं सांगा, आणि धनुर्वाताची लस झाली आहे का तेही विचारा. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर क्वचितच असेल आणि आता खुराला जखमा व्हायची शक्यता आहे.

आता कारण. आपल्याकडे वरातीच्या आणि हौसेच्या घोड्यांत मला दिसणारा नेहमीचा साचा हाच आहे : काम बंद, खुराक चालू. मान वरच्या कडेला जाड आणि कडक, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी, अशा घोड्याच्या रक्तात साखर-स्टार्चच्या खाण्यानंतर इन्शुलिन फार चढतं आणि चढलेलं इन्शुलिनच त्या पापुद्र्यांना सैल करतं. हिरव्या मक्यात साखर, भरड्यात स्टार्च. म्हणून दोन दिवस इंजेक्शननं बरं वाटलं आणि पुन्हा दुखलं : वेदना दाबली गेली, खाणं तेच राहिलं. (घोडी म्हातारी असून उन्हाळ्यातही लांब केस झडत नसतील तर मेंदूतल्या ग्रंथीचा आजार तपासायला हवा. ९ वर्षांत ती शक्यता कमी.) जार अडकणं, पोत्यातलं धान्य एकदम खाणं, ही कारणं वेगळी असतात. धान्य खाल्ल्याचं कळलं तर लंगडण्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवायचं आणि पाय खुरापासून नडगीच्या मध्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात सलग २ ते ३ दिवस ठेवायचे. बर्फ पाण्यात तरंगताना दिसला पाहिजे. विहिरीच्या पाण्याची नळी सोडून ते काम होत नाही. तुमच्या घोडीला दहा दिवस होऊन गेलेत, आता बर्फाचा तो फायदा मिळणार नाही.

खाणं मोजून द्यायचं, तर आधी वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८७७, म्हणजे वजन किलोत. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३६५ किलो. रोजची वाळली वैरण वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साडेपाच किलो. ती काट्यावर तोलायची. पेंढी डोळ्यांनी मोजली की रोज जास्तच पडते. आणि उपाशी ठेवायचं नाही. जाड घोडी एकदम उपाशी राहिली तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. गाभण असेल तर हा धोका आणखी मोठा.

वैरण कुठली? सर्वात चांगलं ते उशिरा कापलेलं, वाळलेलं डोंगरी गवत. जावळी-पाटणकडून येतं. कुसळं फार असतील तर नको, तोंडात आणि हिरड्यांत रुततात. त्यात शिराळ्याकडचा भाताचा पेंढा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मिसळता येतो, पाणी भरपूर पीत असेल तरच, नाहीतर पोट गच्च होतं. ज्वारीचा कडबा चालतो, पण ताटाला गोडवा असतो, तेव्हा कुट्टी करून भिजवूनच द्या. कुठलीही वैरण आधी कोरडी तोलायची, मग साध्या पाण्यात तासभर बुडवायची, निथळायची, ते पाणी फेकायचं. उन्हाच्या दिवसांत अर्धा तास पुरे, जास्त वेळ ठेवली तर आंबते. भिजवल्यावर साखर उतरते तसे क्षारही उतरतात. म्हणून रोज ४०-५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर, ३० ग्रॅम मीठ आणि २०० ग्रॅम सोयाबीनची पेंड, तेल काढलेली. कच्चं सोयाबीन नको. खूर प्रथिनांनी बनतं आणि नुसत्या डोंगरी गवतात ती फार थोडी असतात. सगळं चार वेळांत विभागून, वैरण बारीक छिद्रांच्या जाळीत.

बंद काय करायचं : ऊस, वाढे, गूळ, हिरवा मका, हत्तीगवत, हरभरा, बाजरी, गव्हाचा कोंडा, शिळ्या चपात्या. लसूणघासात साखर कमी असते, पण घोडी जाड आहे तोवर तोही नको. एक गोष्ट वेगळी सांगतो कारण ती जिवावर बेतते. गाईंसाठीची गोळी पेंड किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याला द्यायचंच नाही. त्यात मळी आणि युरिया असतो तो असतोच. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गाईला चालतं आणि घोड्याच्या हृदयाला मारतं. मिनरल मिक्श्चर घेतानाही पुडक्यावरचा मजकूर वाचा.

आणि माणसांना आवरा. महाबळेश्वरला पर्यटक घोड्याला कणसं-गाजरं चारतात, गावात वाटेनं जाणारा हरभरा-गूळ चारतो. दावणीशी पाटी लावा. एकदा चारलेल्या गुळानं महिन्याची मेहनत जाते आणि चारणाऱ्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं.

औषधांचा डोस डॉक्टर ठरवतील, त्यावर मी इथून बोलणार नाही. चारच खबरदाऱ्या. डेक्सा किंवा दुसरं कुठलं स्टेरॉईड नको, त्यानं लॅमिनायटिस भडकू शकतो. तुम्हाला मिळालेल्या इंजेक्शनांत ते होतं का, हे विचारून घ्या. दोन वेदनाशामकं एकत्र नकोत, पोटात अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा होते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, गिधाडं त्यानं मेली. माणसांच्या दुकानातून आणून टोचू नका. आणि वेदनाशामक चालू असताना घोडी बरी वाटली म्हणून चालवू नका. ‘फिरवली की रक्त फिरतं’ हे इथं लागू नाही, प्रत्येक पावलाला सुटलेली पकड आणखी फाटते. ती आडवी पडली तर पडू द्या. उठवणं, डागणं, शीर तोडणं, यातलं काही नको.

जमीन बदला. शहाबादी फरशीवर किंवा कोबावर ती उभी असेल तर आजच्या आज लाकूडमिलमधला भुसा आणून ८ ते १० इंच जाड पसरा. दारापर्यंत, कोपऱ्यांतही, कारण घोडी नेमकी जिथं कमी असेल तिथं उभी राहते. पाचट स्वस्त मिळतं पण ती ते चघळते, आणि क्रश सँड दाबून कडक होते, टोकदारही असते. ओला भुसा रोज काढायचा.

त्यावर पायाला गादी. हे काम घरी होतं आणि नीट केलं तर बहुतेक घोडी तासाभरात जरा सैल उभी राहते. पांढरा थर्माकोल घेऊ नका, दहा मिनिटांत त्याचा चुरा होतो. वॉटरप्रूफिंगच्या सामानवाल्यांकडे निळा किंवा गुलाबी घट्ट फोमबोर्ड मिळतो, ५० मिलिमीटर जाडीचा घ्या. तो नसेल तर चांभारकामाच्या सामानाच्या दुकानात स्लिपरच्या तळाची इव्हीए शीट मिळते, मऊतली मऊ, दोन-तीन थर चिकटवून ४ सेंटीमीटर करा. पाय पुठ्ठ्यावर टेकवून पेन्सिलीनं बाहेरची रेघ मारा, त्या मापानं गादी कापा. खूर आधी ब्रशनं साफ करून पूर्ण कोरडं करा. रुपेरी डक्ट टेपच्या पाच पट्ट्या शेजारी शेजारी, त्यांवर आडव्या पाच, असा वीतभर चौकोन करून तो गादीखालून वर खुरावर दुमडा आणि भोवती एक-दोन वेढे द्या. टेप केसांच्या रेषेखाली एक बोट राहिली पाहिजे. रेषेवर घट्ट बसली तर तिथलं रक्त अडतं आणि खूर जिथून उगवतं तीच जागा मरते. खाकी पॅकिंग टेप चालत नाही.

एक-दोन दिवसांत फोम दबतो. तो फेकून नवा लावण्याआधी दबलेल्या गादीकडे नीट बघा : पुढच्या भागात जास्त खोल ठसा असेल तर हाडाचं टोक तिथंच दाबतंय. मग त्या गादीचा पुढचा तिसरा हिस्सा कापून काढा, मागचा भाग तसाच ठेवा आणि खाली पूर्ण मापाची नवी गादी जोडा. आता वजन मागच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे टाचा आणि तळव्यातला तो त्रिकोणी रबरी भाग, ज्याला सगळे फ्रॉग म्हणतात, त्यावर येतं. हार्ट बार नालही हेच करायला बघते. फरक असा की फोम चुकीच्या जागी बसला तर दबून जातो, आणि लोखंडाची पट्टी दोन सूत पुढे बसली तर हाडाच्या टोकाखालचा तळवा चिरडते. शिवाय सुजलेल्या खुरावर हातोडीचे घाव. एक्स-रे न बघता, पहिल्यांदाच करणाऱ्या हाताकडून हार्ट बार नको म्हणतो ते यामुळे.

पायात जुनी नाल असेल तर ती काढायची, पण उचकटून नाही. खिळ्यांची वळवलेली टोकं कानशीनं घासून सपाट करा आणि एकेक खिळा वेगळा ओढा. दुसरा पाय गादीवर असू दे. एका वेळी मिनिटभरच पाय उचला, गुडघ्यापेक्षा वर नेऊ नका. एवढंही सोसत नसेल तर डॉक्टरांच्या वेदनाशामकानंतर तासाभरानं करा किंवा दोन दिवस थांबा.

आता तुमचा नालबंद. बैलाचं खूर हाताळणारा माणूस निरुपयोगी नाही. कानस धरायचा हात त्याच्याकडे आहे, जनावर शांत ठेवायची रीत आहे. सवय तेवढी वेगळी : तळवा पांढरा होईपर्यंत सोलायचा, फ्रॉग कोरून ‘साफ’ करायचा आणि पुढचं टोक लांब सोडायचं. या घोडीला या तिन्ही गोष्टी घातक. म्हणून काम सुरू होण्याआधी सांगा, ‘मामा, तळव्याला सुरी लावायची नाही. पुढनं कानशीनं मागं घ्या. टाच आज आहे तेवढीच ठेवा.’ शेजारी उभे राहा. सुरी पिशवीतच राहिली तर उत्तम.

काम असं : पाय पुढे ओढून घेतलेला, खुराचा पुढचा भाग समोरून, खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच घासायचा. वरच्या दोन हिश्श्यांना हात नाही. टोकाची जमिनीकडची धार ४५ अंशांत गोल करायची, म्हणजे पाऊल पडताना टोक जमिनीत अडत नाही आणि भिंत फाकत नाही. भिंत आणि तळवा यांच्या मधली रेघ बघत राहा. निरोगी खुरात ती सुतासारखी बारीक असते. इथं ती रुंद, पिवळसर आणि रक्ताचे डाग असलेली दिसेल. ती फाटलेली जागा आहे, ती खोदायची नाही. तळवा अंगठ्यानं दाबून बघा. दबला तर तो पातळ आहे, एक छिलकाही काढायचा नाही. फ्रॉगचं लोंबणारं सालपट तेवढं काढा. टाचा उंच वाढल्या असल्या तरी दुखणं जोरात असताना कमी करू नका, टाच खाली गेली की ती मागची शीर हाडाला आणखी ओढते. दुखणं बसल्यावर, दर खेपेला २-३ मिलिमीटर. दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं. दोन महिन्यांनी एकदाच खूप काढलं तर घोडी पुन्हा आडवी होते.

एक्स-रे शक्य असेल तर जरूर. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा फिरतं यंत्र असलेल्या डॉक्टरांकडे चौकशी करून ठेवा. मात्र अशा अवस्थेत पिकअपमध्ये तासन्‌तास उभी करून नेऊ नका, यंत्र घोडीकडे येणं बरं. फोटो बाजूनं हवा, दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर, किरण ठोकळ्याच्या पृष्ठभागालगत. फ्रॉगच्या टोकाला ड्रॉइंग पिन हलकी लावा आणि खुराच्या समोर केसांच्या रेषेपासून खाली सरळ तार चिकटवा. त्याशिवाय फोटोत बाहेरची भिंत कुठं आणि हाड कुठं हे मोजता येत नाही. हाडाच्या टोकाखाली तळवा १५ मिलिमीटर असला तर समाधान, १० च्या खाली गेला तर पायाची गादी एक दिवसही काढायची नाही. टोक किती मागे घ्यायचं हे नालबंदाला या फोटोवरून खडूनं आखून देता येतं.

पुढच्या टप्प्यात, दुखणं आटोक्यात आल्यावर, लोखंडी नालेपेक्षा लाकडी तळ सोपा पडतो. १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर खुराच्या आकारात, सगळ्या कडा ४५ अंशांत उतरत्या, खाली मऊ रबर. गावचा सुतार तो अर्ध्या दिवसात करतो. बसवायचा मात्र डॉक्टरांनी, कास्टिंग टेपनं, फोटो समोर ठेवून.

मधल्या काळात एखाद्या दिवशी घोडी अचानक एका पायावर अजिबात भार देईनाशी होऊ शकते. बहुतेक वेळा तो पू असतो. मेलेले पापुद्रे बाहेर पडायची वाट शोधतात. खोदू नका. कोमट पाण्यात सैंधवासारखं दिसणारं मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून १५ मिनिटं पाय बुडवा, मग कोंड्यात तेच कालवून लहान बाळाच्या डायपरमध्ये भरून खुरावर बांधा, रोज बदला. तीन दिवसांत फुटला नाही तर डॉक्टर. केसांच्या रेषेवर बोट फिरवताना खड्डा लागला, किंवा फ्रॉगच्या पुढे तळवा फुगून रक्त दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, कारण हाड खाली बसतंय किंवा तळव्यातून बाहेर येतंय. वेदनाशामक पूर्ण डोसमध्ये असूनही घोडी दिवसाचा बराच वेळ आडवीच असेल, चारा सोडला असेल, तर तिला पुढे ओढायचं का हा प्रश्न डॉक्टरांसमोर सरळ मांडा.

सुपाऱ्या परत करा. खूर महिन्याला साधारण १ सेंटीमीटर उतरतं, म्हणजे केसांच्या रेषेपासून जमिनीपर्यंत नवी भिंत यायला ९ ते १२ महिने लागतात. वरून नवीन वाढ वेगळ्या, सरळ कोनात उतरताना दिसेल. ती निम्म्यावर येईपर्यंत पाठीवर माणूस नाही आणि डांबरावर नाच तर त्यानंतरही विचार करून. वेदनाशामक बंद करून पंधरा दिवस ती मऊ जमिनीवर मोकळी चालली, तर रोज दहा मिनिटं हातानं फिरवण्यापासून सुरुवात.

वैरणीची सोय दिवाळीनंतर डोंगरी गवताची कापणी होते तेव्हाच करा. रोज साडेपाच किलो म्हणजे वर्षाला २ टन, नासधूस धरून सव्वादोन टन. पावसाळ्यात घ्यायला गेलात तर मिळेल ते महाग आणि बुरशी लागलेलं, आणि मग हात पुन्हा बांधावरच्या हिरव्या गवताकडे वळतो.